एलएमएस बदलायचंय? आधी प्रश्नपेढी बाहेर काढा

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजने एलएमएस, म्हणजे ऑनलाइन नोट्स, टेस्ट आणि हजेरीची सिस्टीम, बदललं आणि ते काम माझ्याकडे होतं. आता एक पूर्ण सेमिस्टर नव्या सिस्टीमवर पार पडलंय, इंटर्नलचे मार्कसुद्धा तिथूनच गेले, त्यामुळे आजूबाजूच्या कॉलेजांतून फोन यायला लागलेत की मॅडम कोणती सिस्टीम घेतली, किती खर्च आला, कुणाकडून करून घेतलं. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा बसून सगळं लिहून टाकते. मी कॉम्प्युटर सायन्स शिकवते, कॉलेज तालुक्याच्या गावात आहे, आर्ट्स कॉमर्स सायन्स तिन्ही शाखा, मुलं बरीचशी खेड्यांतून एसटीने येणारी आणि घरी कॉम्प्युटर असलेली फार थोडी. त्यामुळे मोठ्या शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजला हे सगळं जसंच्या तसं लागू पडेल असं नाही, पण आपल्यासारखी कॉलेजं महाराष्ट्रात भरपूर आहेत आणि त्यांच्यासाठी मराठीत कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

फोनवर पहिला प्रश्न हमखास "कोणती सिस्टीम चांगली?" हाच असतो. मी त्यांना आधी विचारते की तुमच्या आत्ताच्या सिस्टीममध्ये मास्तरांनी जे प्रश्न घातलेत ते बाहेर काढता येतात का, करून बघितलंय का? बहुतेक जण गप्प होतात, कारण बटण दाबून बघितलेलंच नसतं.

आमच्याकडे २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा सगळ्यांसारखंच व्हॉट्सॲप ग्रुप, झूमच्या लिंका, फुकटचं क्लासरूम ॲप असं जे हाताला लागेल ते चाललं. मग संस्थेने एका खासगी कंपनीचं एलएमएस वर्षाच्या भाड्याने घेतलं, आणि खरं सांगायचं तर वापरायला ते वाईट नव्हतं, हजेरी व्हायची, टेस्ट व्हायच्या, मुलांना पीडीएफ मिळायचे. प्रश्न आला तो सोडताना. दर विद्यार्थ्यामागचा दर वाढला, संस्थेने नाही म्हटलं, आणि आम्ही आमचा डेटा मागितला. आला काय, तर विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये, मार्क पीडीएफमध्ये, तेही टेस्टप्रमाणे वेगवेगळे, आणि प्रश्नपेढी नाहीच. विचारलं तर सांगण्यात आलं की प्रश्न बाहेर काढायची सोय सिस्टीममध्ये नाही आणि करारातही तसं काही लिहिलेलं नाही. करार काढून वाचला, खरंच नव्हतं. कसणारे आपण आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी ती परिस्थिती होती. मास्तरांनी रात्री जागून घातलेले प्रश्न, त्यांची उत्तरं, आकृत्या, सगळं त्या सर्व्हरवर, आणि आम्हाला ते फक्त स्क्रीनवर बघता येत होतं.

म्हणून करार करताना किंवा रिन्यू करताना चार ओळी जास्तीच्या लिहून घ्याच. प्रश्न मूडल एक्सएमएल किंवा गिफ्ट अशा उघड्या, म्हणजे इतर सिस्टीमनाही वाचता येणाऱ्या फॉरमॅटमध्ये मिळतील, निदान एक्सेलमध्ये तरी. मार्क सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, पीआरएनसकट (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक). फाइल विषयवार फोल्डर करून. आणि करार संपल्यानंतर अमुक महिने जुनं लॉगिन नुसतं बघण्यापुरतं चालू राहील. तयार कोर्स विकत घेतले असतील तर ते स्कॉर्म पॅकेज म्हणून मिळतात का तेही विचारा. स्कॉर्म हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून आलेलं स्टँडर्ड, त्याचं १.२ व्हर्जन २००१ चं आहे आणि इतकं जुनं असूनही आजसुद्धा जवळपास प्रत्येक एलएमएस ते वाचतं, म्हणजे एका सिस्टीमसाठी केलेला कोर्स दुसरीत चालतो. सिस्टीम काय, येतात आणि जातात. एडमोडो किती शाळांमध्ये वापरलं जायचं, जगभरातले शिक्षक त्यावर होते, २२ सप्टेंबर २०२२ ला ते बंद झालं. विषय गेली कित्येक वर्षं तेच आहेत, शिकवणारे तेच आहेत, मग प्रश्नपेढी का म्हणून दर वेळी नव्याने करायची?

आम्ही मूडल हे फुकट मिळणारं एलएमएस घेतलं. यात शोध लावल्यासारखं काही नाही, आयआयटी मुंबईतही वर्षानुवर्षं मूडल चालतं. मार्टिन दुजियामास नावाच्या माणसाने ऑस्ट्रेलियात पर्थला ते बनवायला घेतलं, पहिलं व्हर्जन २००२ च्या ऑगस्टमध्ये आलं. मला त्याच्याबद्दल आवडणारी गोष्ट म्हणजे तो स्वतः पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात वाढला, शाळा रेडिओवरून व्हायची, आणि नंतर कर्टिन युनिव्हर्सिटीत तो दुसऱ्या एका विकतच्या एलएमएसचा ॲडमिन होता. म्हणजे लांबून शिकणाऱ्या मुलाची अडचणही त्याला माहीत आणि दुसऱ्याच्या सिस्टीमवर काम करणाऱ्या मास्तराचीही. मूडल जीपीएल लायसन्सखाली आहे, सोर्स कोड उघडा आहे, आणि माझ्यासाठी निर्णायक गोष्ट म्हणजे कुठलाही कोर्स एका एमबीझेड फाइलमध्ये बॅकअप होतो आणि ती फाइल दुसऱ्या मूडलवर नेऊन उघडता येते. उद्या आम्ही होस्टिंग बदललं, ज्यांनी बसवून दिलं त्यांना बदललं, तरी कोर्स आमच्याकडेच. व्हर्जन घेताना एलटीएस घ्या, म्हणजे ज्याला तीन वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळतात ते, ४.५ हे ऑक्टोबर २०२४ चं तसं आहे. दर सहा महिन्यांनी नवीन मोठं व्हर्जन येतं, त्याच्या मागे धावायची आपल्याला काही गरज नाही.

आता खरं काम सांगते, प्रश्नपेढीचं. यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मला विचाराल तर सगळ्यात सार्थकी लागलेला वेळही हाच.

सायन्सच्या लोकांचं तसं सोपं होतं, त्यांचे प्रश्न इंग्रजीत, वर्डमध्ये पडलेले. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राचे प्रश्न मात्र मराठीत, आणि त्यातले जुने म्हणजे श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेले. ते बरोबरच होतं, त्या काळी युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची पद्धत) आपल्याकडे रुळलेलं नव्हतं आणि मराठी छपाई सगळी त्याच फॉन्टांनी सांभाळली. पण या फाइलींमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि वरून मराठी आकार दिसतात, त्यामुळे ब्राउझरमध्ये कॉपी केलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गर्दी दिसते. कन्व्हर्टर मिळतात, कामही बरं करतात, पण रफार आणि पहिली वेलांटी यांच्यावर डोळा ठेवावाच लागतो. 'कर्म'चं 'कमर्' होतं, 'विभक्ती'तली वेलांटी सुटी होऊन शब्दाच्या आधी जाऊन बसते. याचं कारण असं की जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं त्या क्रमाने अक्षरं साठवलेली असतात आणि युनिकोडमध्ये जसं उच्चारतो त्या क्रमाने. म्हणून कन्व्हर्ट केलेली प्रत्येक फाइल मराठी नीट वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून गेलीच पाहिजे. आम्ही हे काम कमवा व शिका योजनेतल्या मुलामुलींना दिलं, एफवाय-एसवायची मुलं, त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळाले आणि एका मुलीने तर मला येऊन सांगितलं की मॅडम, या निमित्ताने माझा अख्खा व्याकरणाचा पेपर तयार झाला.

फॉरमॅटसाठी आम्ही सुरुवात आयकेनपासून केली. मूडलमध्ये प्रश्न आत घ्यायच्या ज्या पद्धती आहेत त्यात ही सगळ्यात साधी, नोटपॅडमध्ये एका ओळीत प्रश्न, खाली एकेका ओळीवर पर्याय, आणि शेवटी उत्तराची ओळ. फक्त पर्यायांची अक्षरं इंग्रजी कॅपिटल ए, बी, सी, डी हवीत आणि उत्तराच्या ओळीत आन्सर हा शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये, पुढे कोलन आणि अक्षर. आपल्याकडे मराठी पेपरात पर्याय अ, ब, क, ड असतात, ते तसेच ठेवले तर इम्पोर्ट होत नाही. फाइंड-रिप्लेस केलं की झालं, पण आधी माहीत असलेलं बरं. प्रश्न दोन ओळींत मोडलेला असला तरीही अडतं, आणि फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडायचं, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

आमच्या मराठीच्या मॅडम निवृत्तीला आलेल्या आहेत. त्यांची व्याकरणाची प्रश्नपेढी म्हणजे वह्याच होत्या, आणि मी ती नीट वाचली तेव्हा मला कळलं की हे नुसते प्रश्न नाहीयेत. उदाहरण देते. 'रामाने रावणास मारले' या वाक्यातला प्रयोग ओळखा. उत्तर भावे प्रयोग. पर्यायांत कर्मणी आहेच, आणि तो मुद्दाम आहे, कारण कर्त्याला 'ने' दिसला की मुलं डोळे झाकून कर्मणी लिहितात, कर्मालाही 'स' प्रत्यय लागलाय आणि क्रियापद कुणाच्याच मागे जात नाहीये हे बघत नाहीत. मॅडमनी प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर वहीत पेन्सिलने लिहून ठेवलं होतं की हा पर्याय कुठल्या प्रकारचा विद्यार्थी निवडतो. इतक्या वर्षांच्या पेपर तपासण्यातून आलेलं ते ज्ञान, वर्गाबाहेर कुणाला माहीतही नव्हतं.

आयकेनमध्ये पर्यायाला स्वतंत्र शेरा देता येत नाही, गिफ्ट फॉरमॅटमध्ये येतो. मी मॅडमना म्हटलं, तुमच्या पेन्सिलच्या नोंदी आपण मुलांना दाखवू. मग त्या आणि मी दुपारच्या रिकाम्या तासांना लॅबमध्ये बसायचो, त्या फोनवर बोलून टाइप करायच्या, मी त्याला गिफ्टमध्ये बसवायचे. आता मुलाने कर्मणी निवडलं की लगेच खाली येतं, "कर्माला प्रत्यय लागलाय का ते बघ, आणि कर्माचं लिंग-वचन बदललं तर क्रियापद बदलतं का करून बघ." उत्तर तिथे सांगितलेलं नाही, परत करून बघायला लावलंय. मुलं टेस्ट संपल्यावर सरावासाठी परत परत जाताना लॉगमध्ये दिसतात, रात्री उशिरापर्यंत. मॅडमना तो रिपोर्ट दाखवला तर त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "समासाचंही असंच करू या." एलएमएस कशासाठी बदललं असं मला कुणी विचारलं तर मी हेच दाखवते.

याच ओघात मराठीचे अजून दोन खाचखळगे सांगून ठेवते, इंग्रजी माध्यमवाल्यांना हे कधी लागत नाहीत म्हणून मॅन्युअलमध्येही सापडत नाहीत. एक म्हणजे शॉर्ट आन्सर प्रश्न, जिथे मुलाने शब्द टाइप करायचा असतो. 'ॲल्युमिनियम' उत्तर बरोबर टाइप करूनही काही मुलांना शून्य मिळत होतं. बघितलं तर 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, काही कीबोर्ड एकच सबंध अक्षर टाकतात जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि काही अ टाकून त्यावर चंद्र देतात. डोळ्यांना दोन्ही सारखं, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. 'दऱ्या', 'पुऱ्या' अशा शब्दांतल्या त्या अर्ध्या र चंही तसंच. उपाय सोपा आहे, एका प्रश्नाला अनेक बरोबर उत्तरं देता येतात, दोन्ही रूपं घालून ठेवायची, आणि ऱ्हस्व-दीर्घाला किती सूट द्यायची ते विषयाच्या मास्तरांनी ठरवायचं. दुसरं म्हणजे आकडे. फिजिक्सच्या उदाहरणात मुलाने फोनच्या मराठी कीबोर्डवरून १२ असा मराठी आकडा टाकला तर सिस्टीम त्याला संख्या मानत नाही. प्रश्नातच लिहायचं की आकडे इंग्रजीत टाका. परीक्षेत चुकीच्या कारणाने मार्क गेलेल्या मुलाला नंतर कितीही समजावलं तरी त्याचा त्या सिस्टीमवरचा विश्वास उडालेला असतो, म्हणून हे आधी करून घ्या, सरावाच्या टेस्टमध्ये.

विद्यार्थ्यांची यादी चढवणं हे ऐकायला क्लार्कचं काम वाटतं, पण त्यातही बरंच काही आहे. आम्ही पीआरएन हेच युजरनेम ठेवलं. एक्सेलमध्ये सीएसव्ही उघडली की लांब पीआरएनचे आकडे दशांश आणि ई असलेल्या रूपात दिसायला लागतात आणि तसंच सेव्ह झालं की संपलं, म्हणून तो कॉलम आधी टेक्स्ट करून घ्यायचा. आणि नावं. मूडलमध्ये मुळात दोन खाने, नाव आणि आडनाव. आपल्या मार्कलिस्टमध्ये आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं आणि आईचं. खेड्यांतून येणाऱ्या मुलांत अख्ख्या गावाचं आडनाव एकच असतं, आणि एका वर्गात नाव-आडनाव दोन्ही सारखं असलेल्या दोन-तीन मुली सहज निघतात, त्यांच्यात फरक फक्त वडिलांच्या नावाचा. मार्क चुकीच्या मुलीला जायला एवढं पुरेसं आहे. मूडलमध्ये मधल्या नावाचा जादा खाना आहे आणि पूर्ण नाव कसं दिसावं याची सेटिंगसुद्धा आहे, आम्ही आडनाव, नाव, मधलं नाव असा क्रम लावला, म्हणजे हजेरीपटासारखीच यादी दिसते आणि मास्तरांना बघताक्षणी ओळख पटते. हे पहिल्याच दिवशी करा, नंतर करायला गेलं की सगळे रिपोर्ट बदलतात.

पासवर्डचं पण सांगते. "ईमेलवर लिंक येईल" हे आमच्या मुलांना उपयोगाचं नाही, बऱ्याच जणांचा ईमेल हा ॲडमिशनच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड त्या मुलाला माहीतच नसतो. आम्ही ग्रंथालयाच्या काउंटरवर एक वेगळा रोल बनवून दिला ज्याला फक्त विद्यार्थ्याचा पासवर्ड बदलता येतो, बाकी काही करता येत नाही. आयकार्ड दाखवायचं, पासवर्ड बदलून घ्यायचा. ग्रंथपाल सरांनी हे काम आनंदाने घेतलं, आणि त्या निमित्ताने मुलं ग्रंथालयात येतात हा त्यांचा वेगळा फायदा.

मुलं सगळी मोबाईलवर. मूडलचं ॲप आहे, नोट्स डाउनलोड करून नंतर नेट नसताना वाचता येतात, एसटीत बसल्या बसल्या मुलं वाचतात, मात्र फुकटच्या प्लॅनमध्ये नोटिफिकेशन वगैरे काही सोयींवर मर्यादा आहेत, त्या आधी वाचून घ्या. क्विझमध्ये दिलेली उत्तरं अधूनमधून आपोआप सेव्ह होत राहतात, त्यामुळे मध्येच रेंज गेली तर पुन्हा आत येऊन तिथूनच पुढे जाता येतं, आणि आमच्या भागात लाइट गेली की टॉवरची रेंजही डळमळते म्हणून हे फार मोलाचं आहे. व्हिडिओ सर्व्हरवर चढवू देऊ नका, यूट्यूबवर अनलिस्टेड टाकून लिंक द्या. स्कॅन केलेल्या नोट्सचे जड पीडीएफ छोटे करून घ्या, दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर घरातले सगळे फोन चालत असतात. आणि परीक्षा ठेवताना सगळ्या वर्गांना एकच वेळ देऊ नका, सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटांतच सर्व्हरवर सगळा भार येतो. आम्ही डिव्हिजनप्रमाणे वेळा मागेपुढे केल्या आणि साध्या सर्व्हरवर भागलं.

ट्रेनिंगबद्दल माझं मत ठाम आहे. हॉलमध्ये सगळ्या स्टाफला बसवून प्रोजेक्टरवर दोन तास दाखवायचं हे मी करू दिलं नाही. एकेका विभागाला लॅबमध्ये बोलावलं, येताना स्वतःचा एक जुना पेपर आणायला सांगितलं, आणि जाताना त्या पेपरची टेस्ट तयार करूनच जायचं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मूडलवर मालिका आहे, ती ज्यांना स्वतःच्या गतीने बघायची त्यांना दिली. वाणिज्य विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, दर तीन वर्षांनी नवीन काहीतरी येतं, आम्ही दर वेळी सगळं नव्याने भरायचं का?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, त्यांनी मागच्या सिस्टीममध्ये अकाउंटन्सीचे भरपूर प्रश्न घातले होते आणि ते सगळे अडकले होते. मी त्यांना त्यांची आयकेन फाइल पेन ड्राइव्हवर दिली आणि नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. साधी टेक्स्ट फाइल आहे सर, मूडल उद्या बंद पडलं तरी ही तुमच्याकडे आहे, वाचता येते, प्रिंट काढता येते. ते म्हणाले मग ठीक आहे. त्यानंतर त्यांच्या विभागाचं काम सगळ्यात आधी पूर्ण झालं.

सीएचबीच्या शिक्षकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारे आमच्याकडे बरेच आहेत, सगळीकडेच आहेत, वर्षाच्या शेवटी त्यांची नेमणूक संपते आणि पुढच्या वर्षी कोण असेल माहीत नसतं. खासगी अकाउंटवरून वर्ग चालवले की ते शिक्षक गेले म्हणजे नोट्सही गेल्या आणि पुढचा माणूस पुन्हा शून्यातून. म्हणून कोर्स विषयाच्या कोडवर बनवायचे आणि शिक्षकाला त्यात रोल द्यायचा, हे तांत्रिक उत्तर. पण याची दुसरी बाजूही आहे. ज्या मुलीने कमी पैशात वर्षभर राबून सुंदर नोट्स बनवल्या, त्या आम्ही तिच्या मागे वापरत राहायचं आणि तिच्या हातात काहीच नाही, हे मला पटत नाही. आम्ही विभागांच्या बैठकीत ठरवून घेतलं की नोट्सवर बनवणाऱ्याचं नाव कायम राहील, पुढे वापरायच्या तर त्यांची परवानगी घेऊ, आणि जाताना त्यांना त्यांच्या कोर्सची एमबीझेड फाइल, विद्यार्थ्यांची माहिती वगळून, सोबत देऊ. बॅकअप घेताना नोंदणी झालेले विद्यार्थी घ्यायचे की नाही याची टिकमार्क असते, ती काढायची, मुलांचा डेटा कुणाच्या पेन ड्राइव्हवर जाता कामा नये, आता २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदाही आहे. एक मॅडम यंदा दुसऱ्या जिल्ह्यात लागल्या, तिथेही मूडल आहे, त्यांनी स्वतःचा कोर्स तिथे उघडला आणि मला स्क्रीनशॉट पाठवला.

वेळेचं म्हणाल तर चालू सेमिस्टरमध्ये कधीच हलवू नका. आम्ही एका विभागावर एक सेमिस्टर चालवून बघितलं, प्रश्नपेढीचं मोठं काम दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत केलं, आणि नवीन वर्षाच्या ॲडमिशनपासून सगळ्यांना घेतलं. जुन्या सिस्टीममधले मार्क, हजेरी, लॉग जे मिळेल ते करार संपायच्या आत उतरवून दोन ठिकाणी ठेवलं. नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) मागच्या वर्षांचा डेटा लागतो आणि आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) सरांना ते ऐन वेळी कुठून मिळणार? पीडीएफमधले मार्क हाताने एक्सेलमध्ये घ्यावे लागले, फार कंटाळवाणं काम, ऑफिसच्या लोकांनी ते निमूटपणे पूर्ण केलं, त्यांचे उपकार आहेत.

राहिला खर्च. सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून संस्थाचालकांना वाटतं सगळंच फुकट. सर्व्हरचं भाडं दर महिन्याला आहे, रोजचा बॅकअप दुसऱ्या ठिकाणी जायला हवा आणि तो महिन्यातून एकदा उघडून बघायला हवा, अपडेट करायला हवेत, आणि या सगळ्यासाठी एक माणूस लागतो जो रोज थोडा वेळ देईल. तो माणूस बहुतेक वेळा कॉम्प्युटरचा शिक्षकच असतो आणि त्याच्या पूर्ण वर्कलोडवर हे काम वरून टाकलं जातं. मी प्राचार्यांना आधीच लेखी दिलं होतं की माझे तास कमी होणार असतील तरच मी हे घेईन, आणि त्यांनी कमी केले, लॅब असिस्टंटलाही आठवड्यातले दोन अर्धे दिवस यासाठी मोकळे दिले. फोन करणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे हे ठरलेलं नसतं त्यांना मी सिस्टीमचं नाव सांगायच्या आधी हाच अर्ज लिहायला सांगते, मसुदा हवा असेल तर माझा पाठवते.

सध्या समासाची प्रश्नपेढी चालू आहे, मॅडमची निवृत्ती मे अखेरीस आहे आणि त्याआधी अलंकार आणि वृत्तंही घ्यायची आहेत.